गाडी कुठल्या बाजूला कलते

काल्पाता
सोमवार, ८ मार्च २००४

आत्या,

हे पत्र मी तुला पाठवणार नाही. आधी सगळं खरं खरं लिहून काढते, मग त्यातलं पाठवण्याजोगं दुसऱ्या कागदावर उतरवीन. तसं केलं नाही तर माझ्या हातून भलतंच लिहिलं जाईल, अशी मला भीती वाटते.

बाबा आजारी आहेत. खाणीची धूळ छातीत बसली आहे, ती आता उठायचं नाव घेत नाही. एकशे बारा किलोचा माणूस अठ्ठावन्न किलोवर आला आहे. चायापाताच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "इथल्या उंचीवर यांना हवा पुरत नाही. खाली खोऱ्यात न्या, तिथे हवा दाट असते. आणि जूनची थंडी पडायच्या आत न्या." खाली म्हणजे कोचाबाम्बा. म्हणजे तुझं गाव.

पण न्यायचं कसं? चायापातापर्यंतचे नव्वद किलोमीटर तुला माहीत आहेत. रस्ता कसला, छपराचा पन्हाळी पत्रा आडवा अंथरलाय. फेब्रुवारीत बसनं निघालो होतो. धक्क्यांनी त्यांना खोकला सुटला, खोकल्यातून रक्त आलं, आणि अर्ध्या वाटेवरून समोरून येणाऱ्या ट्रकनं परत आलो. आपली जीप बसपेक्षा बरी असायला हवी, पण तिचे धक्के शोषणारे चारही शॉक तेल गळून मेले आहेत. खड्ड्यातून निघाली की चार वेळा उड्या मारते.

शॉक तुझ्या गाड्यांच्या भागांच्या टपरीवरून मागवायचे, हे बाबाच म्हणाले. "गाडी प्रिमीनं दिलीय, तिच्या पोटातलं प्रिमीलाच माहीत. माल मागव. पण माझ्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. जी बाई चारचौघांत माझ्या पोटाला हसली, तिनं आता माझी कीव करायला नको." मग आईच्या फोटोवर हात ठेवून माझ्याकडून वदवून घेतलं: मी आजारी आहे असं आत्याला लिहिणार नाही, कुणाकडून सांगवणार नाही.

मी शपथ घेतली. त्यांना खोकल्याची उबळ आली होती, नाही म्हणता आलं नाही. आता मला शपथ मोडायची नाही आणि तुझ्याशी खोटंही बोलायचं नाही. या दोन्हींच्या मधून तुझ्यापर्यंत कसं पोचायचं, ते मला कळत नाही.


काल्पाता
सोमवार, ८ मार्च २००४

प्रिय आत्या,

तू बरी असशील अशी आशा आहे. सहा वर्षांनी लिहिते आहे आणि तेही कामाचं लिहिते आहे, याबद्दल माफ कर.

तू बाबांना दिलेली एक्क्याण्णव सालची करडी जीप अजून चालते. तिचे मागचे दोन शॉक आणि पुढचे दोन्ही स्ट्रट, म्हणजे स्प्रिंगसकट असलेले पुढचे खांब, बदलायचे आहेत. कोणते घ्यावेत ते मला ठरवता येत नाही. इथले रुफो मिस्त्री म्हणतात, "जे बसतील ते बसवू." मला ते पुरेसं वाटत नाही.

उत्तर कासियानोकाकांच्या बसबरोबर पाठव. बस मंगळवारी खाली येते, गुरुवारी वर परतते. इथल्या दुकानातल्या फोनवर बोलायला नको, सगळं गाव ऐकतं.

बाबांनी भाग तुझ्याकडूनच घ्यायला सांगितलं.

तुझी,
बेत्साबे


कोचाबाम्बा
बुधवार, १० मार्च

बेत्साबे, पोरी,

पाकीट बघून मला वाटलं कुणीतरी मेलं. उघडून बघते तर शॉक! बसून हसले. मग उठून जरा रडले, पण ते सोड.

तर सेवेरोसाहेबांनी भाग माझ्याकडूनच घ्यायला सांगितलं म्हणे. मोठे उपकार. सहा वर्षांपूर्वी याच माझ्या टपरीसमोर, गाडीला फुलं घालून, धरतीमातेला बिअर शिंपडून झाल्यावर, सगळ्या बाजारासमोर मला म्हणाला होता, "प्रिमी, सख्ख्या भावाला लंगडी गाडी दिलीस! डावीकडे कलते बघ." मी म्हटलं, "गाडी लंगडी नाही, तू जाडा आहेस. खाली उतर, बघ सरळ होते की नाही." तो उतरला. गाडी सरळ दिसली. सगळा बाजार हसला. तेवढंच. तेवढ्यावर माणूस सहा वर्षं बोलत नाही. त्याला विचार, आता तरी खाली उतरलास का म्हणून.

आता धंद्याचं. शॉक म्हणजे लिंबं नव्हेत, की द्या डझनभर. मला चार गोष्टी कळव.

एक. गाडी सपाट जागी उभी कर. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत माप घे, चारही चाकांना. आधी रिकाम्या गाडीत, मग चालवणारा बसलेला असताना.

दोन. चालवणाऱ्याचं वजन. तो हत्ती अजून एकशे बाराच आहे, की वाढला?

तीन. मागे काय नेता? माणसं, बटाटे, लामा? किती किलो?

चार. सेवेरो कसा आहे? हे शॉकसाठी नाही, मला हवंय म्हणून.

कासियानोला मी विचारलं, "माझा भाऊ कसा आहे?" तो म्हणाला, "डोन्या प्रिमितिवा, मी पत्रं नेतो, बातम्या नेत नाही." मेल्याला एवढा शहाणपणा कधीपासून आला?

आत्या


काल्पाता
सोमवार, १५ मार्च

प्रिय आत्या,

मापं तीनदा घेतली. बाबांनी मला अक्षरांच्याही आधी फूटपट्टी वाचायला शिकवलं, आणि एकदा घेतलेलं माप म्हणजे अंदाज, असं ते म्हणायचे. शाळेत गेले तेव्हा बाईंना वाटलं मी हट्टी आहे.

रिकामी गाडी: पुढे डावीकडे साडेएक्कावन्न सेंटिमीटर, पुढे उजवीकडे साडेएकोणपन्नास. मागे दोन्हीकडे पन्नास.

चालवणारा बसल्यावर: पुढे डावीकडे एक्कावन्नला जेमतेम कमी. उजवीकडे रिकाम्या गाडीइतकंच.

म्हणजे गाडी उजवीकडे कलते, दोन सेंटिमीटर. तू लिहिलंस ती डावीकडे कलायची. माझं काही चुकत असेल म्हणून गाडीचं तोंड उलट फिरवून पुन्हा मोजलं. तेच आलं.

चालवणाऱ्याचं वजन सत्तेचाळीस किलो. गाडी मी चालवते.

मागे साधारण साठ किलो. मध्ये बाक होता तो काढून गादी घातली आहे. ओझं आडवं असतं. त्याला धक्का चालत नाही, अगदी लहानसुद्धा. आत्या, शॉक निवडताना बाकी सगळं विसरलीस तरी हे विसरू नकोस. ते फुटलं तर दुसरं मिळणार नाही.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर मी लिहू शकत नाही. विसरले नाही. लिहू शकत नाही, एवढंच.

तुझी,
बेत्साबे


कोचाबाम्बा
बुधवार, १७ मार्च

बेत्साबे,

चौथं उत्तर कळलं. "तिला माझी विचारपूस करायची गरज नाही," असंच म्हणाला असेल. आणि गाडी तुझ्या हातात देऊन स्वतः उन्हाला बसून कोकाची पानं चघळत असेल. बावीस वर्षांची पोर त्या रस्त्यावर जीप घालते आणि हा म्हातारा मजेत! माझा निरोप सांग: लाज वाटू दे.

आणि हे तुझं साठ किलोचं ओझं! मी शेजारच्या टपरीवाल्या नाताल्योला वाचून दाखवलं. तो म्हणतो, काचा असतील. मी म्हटलं, काच आडवी कोण नेतं? मग माझ्या डोक्यात आलं. गावच्या कांदेलारिया मातेची मूर्ती रंगवायला नेताय ना? गादीवर निजवून? म्हणूनच एवढं गूढ लिहिलंस. चांगलं काम आहे. माझी एक मेणबत्ती लाव.

देवीसाठी मी चांगला माल देणार. मागचे दोन शॉक या बसनंच पाठवते आहे. खाणीवर माल नेणारे हेच घेतात. जाड नळी, कडक दांडा, टनभर टाक, हलायचे नाहीत. पुढच्यांचं बघते. तुझ्या मापांत काहीतरी खटकतंय. स्ट्रट गेला तर ती बाजू खचते, उंच होत नाही. रुफोला उजवीकडचा नीट बघायला सांग.

आत्या


काल्पाता
सोमवार, ५ एप्रिल

आत्या,

दोन मंगळवार लिहिलं नाही. हात मोकळे नव्हते.

तू पाठवलेले शॉक रुफोमिस्त्रींनी शुक्रवारी बसवले, आम्ही रविवारी निघालो. गाडी खरंच उड्या मारायची थांबली. पण आता रस्त्यावरचा प्रत्येक कंगोरा सरळ वर येतो, गादीतून आरपार. एकोणिसाव्या किलोमीटरला मला गाडी थांबवावी लागली. ओझ्याला सोसलं नाही. आम्ही परत फिरलो. एकोणीस किलोमीटर यायला चार तास लागले, कारण मी चालत्या माणसाच्या वेगानं चालवत होते.

ही चूक तुझी नाही. टनभर माल असता तर शॉक बरोबर होते. ओझं काय आहे ते मी तुला सांगितलं नाही. रोज सकाळी उठल्यावर हेच आधी आठवतं. तू देवीची मूर्ती म्हणालीस तेव्हा मी "नाही" तरी कळवायला हवं होतं. नाही म्हणण्यानं शपथ मोडत नव्हती. हे मला नंतर सुचलं. माझं असंच होतं.

तर आता लिहिते: मूर्ती नाही.

रुफोमिस्त्रींनी पुढचे दोन्ही स्ट्रट उतरवले. दोन गोष्टी सापडल्या. मापं तीनदा घेतली आहेत, चित्र सोबत जोडलं आहे.

पहिली: दोन्ही स्प्रिंगा सारख्या नाहीत. उजवीकडची दीड सेंटिमीटरनं उंच आहे. दोन्ही जपानहून आलेल्या मूळच्याच आहेत, दोन्हींवर रंगाची खूण आहे.

दुसरी: डावीकडच्या स्प्रिंगखाली एक रबरी रिंग बसवलेली होती. जाडी तीन सेंटिमीटर. खाणीत दगड वाहणारा पट्टा असतो ना, त्याचे दोन थर कापून एकावर एक चिकटवलेत. कड इतकी गोल की सुरीनं कापली असेल असं वाटत नाही. असं काम करणारा माणूस आपल्याकडे एकच आहे.

ती रिंग परत घालायची की नाही? मी बाबांना विचारलं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं आणि म्हणाले, "तुझ्या आत्याला विचार."

आत्या, लवकर कळव. जून यायच्या आत. मला आणखी काही लिहिता येत नाही, पण मापं सगळी खरी आहेत. ती नीट वाच.

बेत्साबे


कोचाबाम्बा
पवित्र बुधवार, ७ एप्रिल

बाळ,

तुझं पत्र नाताल्योला वाचून दाखवलं नाही. टपरीचं फळकूट खाली ओढलं आणि आत बसून वाचलं. चार वेळा.

आधी स्प्रिंगचं सांगते.

ती गाडी जन्मली जपानात. तिथे चालवणारा उजवीकडे बसतो, म्हणून कारखान्यानंच उजवीकडे उंच स्प्रिंग घातली. मग ती समुद्रावरून इकीके बंदरात उतरली, आणि आपल्याकडच्या निम्म्या गाड्यांसारखं तिचंही स्टिअरिंग उजवीकडून काढून डावीकडे बसवलं. ते काम मी उभं राहून करून घेतलं. स्टिअरिंग हललं, पेडल हलले, काटे हलले. स्प्रिंगा कुणी हलवल्या नाहीत. मला आठवलंच नाही. बावीस वर्षं या बाजारात बसते आणि मला आठवलं नाही, की माणसाची जागा बदलली तर त्याच्याखालचा आधारही बदलायला हवा.

म्हणजे गाडी लंगडी होती. सेवेरो खरं बोलत होता. मी त्याच्या पोटावर विनोद करून सगळा बाजार हसवला, आणि चूक माझी होती.

आणि तो गप घरी गेला, खाणीचा पट्टा कापला, रिंग बनवली, आपल्या वजनाला पुरेल एवढी जाड, आणि गाडी सरळ करून घेतली. मला कळवलं नाही. मी ओशाळेन म्हणून की त्याचा ताठा म्हणून, ते देव जाणे. दोन्ही असेल.

आता दुसरं. ती रिंग एकशे बारा किलोच्या माणसासाठी कापलेली आहे. तो बसला की गाडी सरळ. आता डावी बाजू दोन सेंटिमीटर वर राहते, आणि चालवायला बसते सत्तेचाळीस किलोची पोर. मागे गादी. गादीवर साठ किलो. आडवं. धक्का सोसत नाही. फुटलं तर दुसरं मिळणार नाही. जून यायच्या आत.

तू शपथ घेतली आहेस, हे मला आता कळलं. माझा भाऊ लहानपणीही असाच होता, काटा रुतला तरी आधी "आईला सांगणार नाहीस ना" म्हणायचा. तू शपथ मोडली नाहीस, बाळ. काही लिहिलं नाहीस. तू मला फक्त वजन सांगितलंस. मीच म्हशीसारखी, देवीला मेणबत्ती लावायला निघाले.

साठ. आमच्या आईच्या हाताखाली चौदाव्या वर्षी तो याहून जास्त भरायचा.

आता ऐक. कडक शॉक काढून ठेव. मी काल सगळा बाजार पालथा घातला, बावीस शॉक हातानं दाबून बघितले. दांडा खाली दाबायचा आणि सोडायचा. तो किती सावकाश वर येतो, मध्ये अडखळतो का, ते मोजायचं. नुसत्या तेलाचे घेतले तर त्या कंगोऱ्यांवर तेल तापून फेसाळतं आणि तासाभरात ते दमतात. जास्त गॅसचे घेतले तर दगडासारखे. मला हवे होते तेलाचे, पण वर थोडा गॅस असलेले, हलक्या गाडीसाठी बनवलेले. दोन मिळाले. दाबून सोडले की निजलेल्या पोराच्या छातीसारखे वर येतात. पुढे दोन नवे स्ट्रट, दोन्हींवर सारख्या स्प्रिंगा. रिंग घालू नकोस. तुला तोलायला गाडीला कुठलीच बाजू उचलायला नको.

या गुरुवारी ईस्टरमुळे बस लवकर सुटते आणि भाग उद्या हातात येतील. म्हणून पुढच्या गुरुवारी, पंधराला, पाठवते. पाठवते कसली, घेऊन येते. कासियानोला जागा ठेवायला सांगितलंय. त्यानं फक्त टोपी काढली.

खालचा कागद फाडून तुझ्या बापाला दे.

आत्या

सेवेरो,
गाडी लंगडी होती. तुझं बरोबर होतं. सहा वर्षं चूक माझी होती आणि तू सरळ चाललास.
प्रिमी


काल्पाता
सोमवार, १२ एप्रिल

प्रिमी,

पोरीनं शपथ मोडली नाही. मी दोनदा विचारलं. फूटपट्टीवर शपथ घालायची राहून गेली, ती माझी चूक.

गाडी लंगडी होती हे तू कबूल केलंस. मी जाडा होतो हे मी कबूल करतो. हिशोब मिटला.

येताना द्राक्षं आणू नकोस, इथवर येईतो त्यांचा रस होतो. पीच आण. कच्चे.

आणि मला बघितल्यावर तोंड वेडंवाकडं करू नकोस. तयारी करून ये.

सेवेरो


काल्पाता
सोमवार, २६ एप्रिल

बाबा,

तुम्हाला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. आजवर तुम्ही कायम दुसऱ्या खोलीत होतात.

मी नीट पोचले. वाटेत चायापाताहून तीन प्रवासी मिळाले, म्हणजे पेट्रोल निघालं. रुफोमिस्त्री गाडी बघून म्हणाले, "ही आता नवरीसारखी चालते." घर झाडलं. तुमच्या खाटेवरचं पांघरूण मात्र अजून घडी केलं नाही. करीन.

तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली. आत्याच्या घरी पोचल्यावर तुम्ही डोळे उघडून म्हणालात, "चायापाता आलं का?" आणि आम्ही दोघी हसत सुटलो, तेव्हा तुम्ही रागावलात. तुम्हाला वाटलं तुमची थट्टा केली. म्हणून त्या दिवशी काय झालं ते लिहिते. तुम्हीच ते बघितलं नाहीत.

निघताना आत्यानं चारही चाकांतली थोडी थोडी हवा सोडली. मी विचारलं, "टायर खराब होणार नाहीत?" ती म्हणाली, "होऊ देत. टायर दुसरे मिळतात." मग धरतीमातेसाठी बाटली उघडली. तुम्ही गादीवरून म्हणालात, "अर्धी तिला, अर्धी मला," आणि आत्यानं तुमच्या ओठांना एक थेंब लावला. एवढं तुम्हाला आठवत असेल.

पहिले दहा किलोमीटर मी श्वास धरून चालवली. कंगोरे सुरू झाले. गाडीखाली घरघर ऐकू येत होती, पण ती खालीच राहत होती. स्टिअरिंग हातात शांत होतं. आरसा मी तुमच्या चेहऱ्यावर लावला होता. बाराव्या किलोमीटरला तुमचे डोळे मिटले. मला वाटलं झालं. मी ब्रेकवर पाय ठेवला, तेवढ्यात मागून आत्या म्हणाली, "थांबू नकोस. झोपलाय."

मी म्हटलं, "नक्की?"

ती म्हणाली, "माझा हात त्याच्या छातीवर आहे. शॉक कसा दाबून बघतात ते मला शिकवू नकोस."

एकोणिसावा किलोमीटर आला. गेल्या वेळी तुमच्यासाठी गाडी थांबवून मी मागच्या चाकाला लावलेला दगड अजून तिथेच रस्त्याकडेला पडलेला दिसला. मी तो आत्याला दाखवणार होते. नाही दाखवला. गाडी थरथरत नव्हती. आपण त्या दगडाच्या पुढे गेलो, बाबा. तुम्ही तोंड थोडं उघडं टाकून झोपला होतात, आणि पापणीसुद्धा हलली नाही.

आत्या साऱ्या वाटेवर बोलत होती. तुमच्याशी. लहानपणी तुम्ही तिची बाहुली खाणीच्या डबक्यात टाकलीत ते, आजोबांनी तुम्हाला मारलं तेव्हा ती मध्ये आडवी उभी राहिली ते, मग बाजारातलं. "त्या दिवशी तू उतरलास ना सेवेरो, तेव्हा मला वाटलं होतं तू पण हसशील. तू नेहमी हसायचास." हे ती तीन वेळा म्हणाली. तिचे डोळे वाहत होते. मी आरशात बघितलं तर म्हणाली, "धूळ. पुढे बघ."

चायापाताला डांबरी रस्ता लागला. उठवायचं का विचारलं, तर आत्या म्हणाली, "सहा वर्षं हा माझ्यावर रागावून जागा राहिलाय. निजू दे." ओरुरो शहर मागे गेलं, घाट उतरलो. घाटात माझे कान दुखले, तुमचा श्वास मोठा झाला. तो मलाही पुढे ऐकू आला.

म्हणून आम्ही हसलो, बाबा. थट्टा नव्हती.

आता मला एक विचारायचं आहे, आणि तुम्ही खरं लिहायचं. आत्या मला बरं वाटावं म्हणून गोड लिहील. डॉक्टर बरे होण्याबद्दल काय म्हणतात? लिहिता येत नसेल तर मापं पाठवा. मला मापं वाचता येतात.

रिंग दारामागच्या खिळ्यावर टांगली आहे. टाकू की ठेवू?

तुमची,
बेत्साबे


कोचाबाम्बा
बुधवार, ५ मे

बेत्साबे,

मापं.

खाटेपासून अंगणातल्या अंजिरापर्यंत चौदा पावलं. पहिल्या आठवड्यात नऊ झाली की बसावं लागायचं. आता चौदा होतात. मग बसतो.

एका श्वासात वीसपर्यंत मोजता येतं. तिथे अकरा होते.

रात्री उशा तीन. तिथे पाच होत्या. तिथे बसूनच झोपायचो, तुला माहीत आहे.

वजन एकसष्ट. प्रिमी दर रविवारी मला बाजारात नेते आणि भंगार तोलायच्या काट्यावर उभं करते. नाताल्यो बाजूला उभा राहून ओरडतो, "लोखंड की पितळ?" सगळा बाजार हसतो. मीही हसलो. प्रिमीनं तेवढ्यासाठी सगळ्यांना बिअर पाजली.

डॉक्टर म्हणतात, धूळ निघत नाही. आहे ती राहते. पण इथे तिच्यासकट श्वास घेता येतो. किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. हे माप माझ्याकडे नाही, म्हणून लिहीत नाही. अंदाज तुला चालत नाहीत.

तू मला गाडीतलं सगळं सांगितलंस ते बरं केलंस. प्रिमी रडली होती हे ती मान्य करत नाही. मी तिला तुझं पत्र दाखवलं. म्हणाली, "पोरीला आरसा नीट लावता येत नाही."

पांघरुणाची घडी कर. ते उन्हात घाल आधी.

रिंग टाकू नकोस. प्रिमी म्हणते, अजून एक्कावन्न किलो भरलास की ती परत बसवू. मी म्हटलं, बाई, मी ट्रक नाही. पण ठेव.

जूनमध्ये सान हुआनच्या सणाला सगळे शेकोट्या पेटवतील, तेव्हा तू इकडे ये. रिंग घेऊन ये. आलीस की जेवायच्याही आधी मला स्टिअरिंगमागे बसव. चालवणार नाही, नुसता बसेन. प्रिमीला बाहेर उभी कर. मग पुढच्या डाव्या चाकाजवळ वाक, आणि मी बसल्यावर गाडी किती खाली येते, ते माप घे.

तीनदा घे.

बाबा